पाइप त्यांचा, म्हणून गॅसही त्यांचाच?

कुपवाड-मिरजेच्या उद्योजकांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज आता साताऱ्यापर्यंत पोचलाय. त्याचं म्हणणं असं: ज्याची पाइपलाइन त्याचाच गॅस. दुसऱ्याला शिरकाव दिला तर रस्ते पुन्हा खोदणार. वाहतूक शुल्क उतरलं की गॅस निम्म्या दरात. आणि पाइपलाइन इतरांना खुली करण्याआधी नियामक मंडळ हरकती मागवतं, तो निव्वळ देखावा.

पहिला मुद्दा अर्धवट आहे. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या २००६ च्या कायद्यानुसार पाइप टाकणाऱ्याला स्वतःच्या गरजेपुरता पहिला हक्क मिळतो, पाइपात गॅस वाहून नेण्याची उरलेली क्षमता इतरांना खुली करावी लागते. घरं-कारखान्यांना गॅस पोचवणाऱ्या शहरी जाळ्याला मात्र ठरावीक मुदतीचं संरक्षण असतं. सातारा-सांगली क्षेत्र अशा जाळ्यांच्या परवान्यांसाठीच्या लिलावाच्या २०१८ च्या नवव्या फेरीतलं. त्या फेरीत विक्रीच्या एकाधिकाराची मूळ मुदत आठ वर्षं होती, वाढ मिळण्याची सोय धरून. कायमचा पट्टा कुणालाच दिलेला नाही.

रस्त्यांचं म्हणणं तर उलटंच आहे. दुसरा विक्रेता त्याच पाइपातून गॅस पाठवतो, म्हणून नवा पाइप लागत नाही. दोघांचा गॅस आत मिसळतो, हिशेब उष्मांकावर, म्हणजे गॅसमधून मिळणाऱ्या उष्णतेवर होतो. खोदाईचा राग रास्त आहे, पण तो इथे काढून उपयोग नाही.

निम्म्या दराचं गणित करून बघा. जानेवारी २०२६ पासून एकत्रित शुल्काचे, म्हणजे जोडलेल्या पाइपलाइनींच्या सामायिक वाहतूक शुल्काचे, अंतरानुसार तीनाऐवजी दोन टप्पे झाले. पहिल्या टप्प्याचा दर एमएमबीटीयूला (हे उष्णतेचं एकक) सुमारे ५४ रुपये. एका एमएमबीटीयूत ढोबळ २५ घनमीटर गॅस, म्हणजे घनमीटरला दोन रुपयांच्या आसपास. ते सगळे माफ झाले तरी बिल निम्मं कसं होणार? घरगुती गॅस आणि सीएनजीला पहिल्या टप्प्याचा हाच वाहतूक दर देशभर लागू आहे. कारखान्याचं बिल फुगतं ते आयात एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) आणि डॉलरमुळे. शिवाय गॅस जीएसटीबाहेर असल्याने त्यावर भरलेला व्हॅट कारखान्याला आपल्या जीएसटीतून वजा करता येत नाही. राज्याने तो व्हॅट एप्रिल २०२२ मध्ये १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नसावं.

राहिला देखावा. पाइपलाइन सर्वांसाठी खुली करण्याआधी बाधित होऊ शकणाऱ्या प्रत्येकाकडून हरकती मागवाव्यात, असं कायद्याचं कलम २० सांगतं. त्यात फाउंड्रीवालाही, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखानदारही आला. आता तिथे बोलणारे मोठे खरेदीदार आणि त्यांचे वकीलच असतात, हे खरं. पण आपण गेलोच नाही तर अटी त्यांच्या सोयीच्या होणार, दुसरं काय? छोट्या भट्टीला खरा फटका पाइपातली क्षमता आधीच आरक्षित करण्याचा बसतो: आरक्षित केलेली क्षमता वापरा वा न वापरा, पैसे भरा. दिवाळीला आठवडाभर भट्टी बंद राहिली किंवा ऑर्डर तुटली, तरी मीटरऐवजी करार बोलतो. त्यावर रोजची मागणी आधी कळवायची, आणि ती चुकली तर दंड. म्हणून हरकतीत मालकीवर भाषण झोडू नका. लहान ग्राहकांना एकत्र येऊन क्षमता घेता यावी, न वापरलेली दुसऱ्याला देता यावी, अनामत झेपेल एवढी असावी, एवढं तीन ओळींत लिहा आणि महिन्यावारी वापराचा तक्ता जोडा.