ठाणं सोडावं की नाही? आधी शीट बनवा

बेंगळुरूहून ऑफर आली? अभिनंदन. आता घाईघाईने घरी सांगू नका. आधी ऑफिसात ज्याच्याशी तुमचं फारसं पटत नाही त्याला सांगा. मग शाळेच्या ग्रुपवर 'असंच विचारतोय' म्हणून टाका. घरच्यांना साधारण तिसऱ्या दिवशी, टीव्ही चालू असताना, "बघू, अजून काही नक्की नाही" अशी सुरुवात करून सांगा. तोवर तिकडच्या चार सोसायट्यांचे स्विमिंग पूल तुम्ही फोनवर बघून ठेवलेले आहेत, हे बोलायची गरज नाही.

ठाणेकराला गाव सोडणं जड जातं, आणि त्याला इतिहास आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून २१ तोफांच्या सलामीत निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्यात थांबली, कारण पुढे रूळच नव्हते. ठाणेकराने त्याचा अर्थ असा घेतला की जग इथवर येतं आणि संपतं. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला गेले. ठाणेकर गेला नाही. नोकरी म्हणजे सकाळी जायचं आणि रात्री परत यायचं, ही व्याख्या तेव्हापासून पक्की. मी घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला तेव्हा नौपाड्यातल्या मावशीने वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या होत्या. (संपल्या. कापूरबावडीलाच.)

तर, शीट बनवा. गूगल शीटच बरी, ऑफिसच्या वेळेत भरता येते. पहिल्या ओळीत पगार लिहा, समोर चाळीस टक्के वाढ, आणि त्या चौकोनाला हिरवा रंग द्या. एचआरने पाठवलेलं जोडपत्र मात्र उघडू नका. त्यात पीएफचा कंपनीचा वाटाही तुमच्याच पगारात धरलेला असतो, व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग, शंभर टक्के मिळणार असं गृहीत असतं, मेडिक्लेमचा हप्ता असतो आणि मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी असते. ही ग्रॅच्युइटी हातात पडायला सलग पाच वर्षं एका ठिकाणी काढावी लागतात. तुम्ही आजवर कुठेच तीन काढली नाहीत, पण या खेपेला आपण टिकणार असं धरून चाला. रिलोकेशनचे दीड लाखही मिळकतीत लिहून टाका. वर्षाच्या आत नोकरी सोडलीत तर ते परत करायचे असं पत्रात लिहिलेलं असतं, पण ते शेवटच्या पानावर, आणि शेवटचं पान लग्नपत्रिकेचंसुद्धा कोणी वाचत नाही.

मग घरभाडं. तिकडे दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागायची जुनी रीत आहे. म्हणजे पंचेचाळीस हजारांचं घर बघितलंत तर साडेचार लाख आधी मोजायचे. ही रक्कम खर्चात न घालता 'गुंतवणूक' या मथळ्याखाली घाला, छान दिसते. इकडचा फ्लॅट भाड्याने द्यायचा, त्यातून हप्ता सुटेल असं लिहायचं. सुटत नाही. पण शीटमध्ये सुटतो. याच ठिकाणी तुम्हाला ठाण्याबद्दल जरा राग यायला लागला पाहिजे, तो येत नसेल तर घरभाडे भत्त्याचा नियम आठवा: जुन्या करपद्धतीत मुंबईत भाड्याने राहणाऱ्याला पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत सूट, ठाण्यात राहणाऱ्याला ४०. भाडं सांगताना मुंबई-ठाण्याच्या हद्दीवरचा मुलुंड चेकनाका एजंटला दिसत नाही. इन्कम टॅक्सला तो बरोबर दिसतो.

आता दुसरा रकाना, 'तोटे'. इथे नातेवाइकांना कामाला लावा, ते आनंदाने येतात. काका सांगतील, "तिकडे पाणी नाही रे." काकांच्या स्वतःच्या टॉवरच्या गेटवर सकाळी सहाला टँकर येतो, आणि त्याच्या पाइपची गळती हुकवत काका रोज चालायला बाहेर पडतात. मेहुणा सांगेल, "सिल्क बोर्डला तास-तास अडकतात." मेहुणा हे सांगायला पातलीपाड्याहून निघाला तेव्हा चहाची वेळ होती, पोचला तेव्हा तुमची जेवणं झाली होती, आणि वाटेतल्या मेट्रोच्या प्रत्येक खांबाचा नंबर त्याला तोंडपाठ झाला होता. दोघांचंही म्हणणं गंभीरपणे लिहून घ्या.

सांस्कृतिक तोट्यांना मात्र वेगळी ओळ हवी. "नाटकांशिवाय आपण जगू शकत नाही" हे वाक्य इथे येतं. गडकरी रंगायतन दुरुस्तीसाठी कितीतरी महिने बंद होतं, ही गोष्ट आपल्याला ते पुन्हा उघडल्याची बातमी वाचून कळली, हे विसरून जा. मामलेदारच्या मिसळीचंही तसंच. वर्षातून एकदा, तेही पुण्याचा पाहुणा आला की आपण जातो, मध्यम तिखट मागतो आणि उरलेला दिवस ताक पितो. पण सोडून जायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं, आणि या वेळी ते रश्शाने आलेलं नसतं.

मुलीच्या शाळेची ओळ जरा नाजूक आहे. कर्नाटकातल्या शाळेत कन्नड शिकावं लागतं. हे कळताच तुम्ही "हा काय अन्याय, लेकरावर किती ओझं" असं म्हणायचं. गेल्याच महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये "महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे" असं टेबलावर हात आपटून कोण म्हणालं होतं, ते मिनिट्समध्ये आहे. सेक्रेटरीकडून तेवढं पान काढून घ्या.

आई-बाबांना "तुम्हीही चला ना" असं नक्की म्हणा. फक्त ते म्हणण्याची वेळ साधता आली पाहिजे: बाबा बीपीची गोळी शोधत असतात आणि आई कुकरच्या शिट्ट्या मोजत असते, तेव्हा. आई "काय म्हणालास?" असं विचारेल. "काही नाही" म्हणा. मग शीटमध्ये लिहा, 'विचारलं. यायला तयार नाहीत.'

गाडीचं काम सोपं आहे म्हणून लोक ते विसरतात. एमएच ०४ ची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, तिथला रोड टॅक्स, आणि मग इथे भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी अर्ज. मी या विषयावर तीन संध्याकाळी घालवल्या. टॅक्सच्या टक्केवारीची वेगळी टॅब केली, गाडीच्या वयाप्रमाणे घसाऱ्याचं सूत्र बसवलं. अकरा वर्षांची गाडी आहे. तिचं डावीकडचं दार उघडत नाही.

एवढं होईपर्यंत एचआरचा दुसरा फोन येतो. त्याला घाबरू नका. तुमचा नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा आहे, आणि नव्वद दिवसांत ठाणेकर काहीही पुढे ढकलू शकतो. "घरी बोलतोय" असं सांगा. घरी बोलत नसलात तरी.

इथे माझ्या शीटबद्दल सांगतो, नमुना म्हणून उपयोगी पडेल. एकूण चौतीस ओळी होत्या. सव्विसाव्या ओळीत पाइप गॅसचं कनेक्शन बंद करणं, डिपॉझिट परत मिळवणं, त्यावर दोन वाक्यांची टीप. अठ्ठाविसाव्या ओळीत तुळशीच्या कुंड्या, नग तीन, कोणाकडे ठेवायच्या त्यांची नावं. मधल्या सत्ताविसाव्या ओळीत बायकोची नोकरी. ती अकरा वर्षं ऐरोलीला एका कंपनीत आहे, सकाळी दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडते, आणि गेल्या एप्रिलपासून तिच्या हाताखाली चौदा माणसं आहेत. तिच्या ओळीत पगाराचा आकडा नव्हता. 'शेरा' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'ॲडजस्ट होईल.'

शाळेच्या फीची ओळ तिने भरावी म्हणून ती शीट मीच तिला पाठवली होती आणि विसरलो होतो. रविवारी सकाळी तलावपाळीला फेरी मारून, येताना जिलबी घेऊन घरी आलो. ती आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली होती. मी हॉलमध्ये फोनवर शीट उघडली. गूगल शीटमध्ये दुसरं कोणी वाचत असलं की ते जिथे आहे त्या चौकोनाभोवती रंगीत कड दिसते. गुलाबी कड पहिल्या ओळीवर होती, माझ्या हिरव्या चाळीस टक्क्यांवर. मग ती खाली यायला लागली. घरभाडं. डिपॉझिट. गाडीच्या टॅबवर गेली, तिथे बराच वेळ थांबली, परत आली. पंचवीस. सव्वीस. गॅसची टीप वाचून झाली असावी. सत्तावीस.

आतून आवाज नव्हता. मी जिलबीचा पुडा सोडायचा थांबलो होतो. 'ॲडजस्ट होईल' मागून एकेक अक्षराने पुसलं गेलं नाही, एकदम गेलं. चौकोन थोडा वेळ रिकामा राहिला. मग त्यात एक शब्द उमटला: 'कोण?'

म्हणून सगळ्यात महत्त्वाची सूचना देतो. शीट शेअर करताना परवानगी 'व्ह्यूअर'ची द्या. 'एडिटर'ची देऊ नका.