बर्फानं वाफेला हाक मारली का?

सकाळी सात वाजता, चहा अजून कपातच, आणि फॅमिली ग्रुपवर दादाचा फॉरवर्ड. म्हणे त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे बायबलात नाहीच, इ.स. ३२५ मध्ये नायसियातल्या बिशपांच्या परिषदेत रोमन बादशहा कॉन्स्टंटाईननं मतदान घेतलं आणि येशूला देव करून टाकलं. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. मोजून तीन.

दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर सोडून दिलं असतं. पण दादा? चर्चच्या दृढीकरणाच्या वर्गात, म्हणजे आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करायच्या तयारीत, माझ्या शेजारी बसून ज्यानं मला उत्तर पुरवलं, तो दादा?

मे महिना, चर्चमागची पत्र्याची खोली, गुरुजींच्या टेबलावर पाण्याचा तांब्या. त्यांनी विचारलं, त्रैक्य म्हणजे काय? दादा कुजबुजला, "पाणी, बर्फ, वाफ म्हण." मी उभी राहून ठणकावून सांगितलं, वस्तू एक, रूपं तीन. गुरुजी तांब्यावरचं भांडं सरळ करत म्हणाले, "छान. मग गेथशेमाने बागेत येशू 'अब्बा, बापा' म्हणून हाक कुणाला मारत होता? बर्फानं वाफेला मारली का?" अख्खा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं दादा.

पुढं कळलं की आमची चूक अठराशे वर्षं जुनी आहे. सबेल्लियस, प्रॅक्सियस ही मंडळी साधारण तेच शिकवत होती. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन प्रॅक्सियसवर असा काही भडकला की म्हणाला, या माणसानं पित्यालाच क्रुसावर चढवलं! त्याच लिखाणात त्यानं लॅटिनमध्ये 'त्रिनितास', म्हणजे त्रैक्य, हा शब्द वापरला, नायसियाच्या शंभरेक वर्षं आधी. आणि अंत्युखियाचा बिशप थिओफिलस इ.स. १८० च्या आसपास ग्रीकमध्ये 'त्रिआस', म्हणजे त्रयी, लिहून गेला होता. कॉन्स्टंटाईनचे आजोबा तरी जन्मले होते का तेव्हा?

शब्दांचंही सोडा. उपासना संपताना पाळकसाहेब हात वर करून जो आशीर्वाद देतात, ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती, पवित्र आत्म्याची सहभागिता, तो पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा शेवट आहे. पहिल्या शतकातला. लोक आधीपासून तिघांच्या नावानं बाप्तिस्मा घेत होते, प्रार्थना करत होते. डोकं मागून धापा टाकत आलं. तीनशे वर्षं लागली त्याला, एवढीच काय ती गोष्ट.

हो, नायसियात बादशहाचं दडपण होतं, मान्य. सही न करणारे दोन बिशप, पुत्र हा पित्यानं निर्माण केलेला असं शिकवणाऱ्या आलेक्सांद्रियाच्या आरियससकट, हद्दपार झाले, तेही मान्य. पुत्र पित्याशी 'एकाच तत्त्वाचा' हा तिथला शब्द बायबलात नाही, घ्या, तेही दिलं. आरियसही काही मूर्ख नव्हता. त्याला देवाचं एकपण जपायचं होतं, आणि "पिता माझ्याहून थोर आहे" हे वचन त्याच्या हाताशी होतं. खलाशांसाठी, दळणाऱ्यांसाठी गाणी रचून त्यानं आपलं म्हणणं आलेक्सांद्रियाभर पोचवलं म्हणतात. तो फॉरवर्डच म्हणायचा, फक्त चाल लावलेला.

पण बादशहानं ठरवलं म्हणता, तर पुढचं का नाही लिहीत? त्याच कॉन्स्टंटाईननं ३३५ मध्ये नायसियाच्या बाजूनं झगडणाऱ्या आलेक्सांद्रियाच्या बिशप अथनासियसला पार ट्रियरला हाकललं. ३३७ मध्ये मरताना बाप्तिस्मा घेतला तो आरियसच्या पाठीराख्या बिशपाकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस तर उघड विरोधात. अथनासियस चार बादशहांच्या हातून पाच वेळा हद्दपार झाला, एकूण सतरा वर्षं. बादशहांच्या मर्जीवर चाललं असतं तर आज त्रैक्य रविवार कुणी पाळला असता?

(ऑफिसात मैत्रीण प्रेमानं म्हणते, "ब्रह्मा-विष्णू-महेशासारखंच ना?" मी मान हलवते आणि डबा उघडते. जेवणाच्या सुट्टीत किती सांगणार?)

इथवर लिहून राग जरा उतरलाय. कारण मला निस्साचा बिशप ग्रेगरी आठवला. नायसियाचं म्हणणं पुन्हा पक्कं करणाऱ्या ३८१ च्या परिषदेनंतर, ती भरली त्या कॉन्स्टँटिनोपलबद्दल तो वैतागून सांगतो की इथं नाणी मोडून मागा, तर माणूस जन्मलेला आणि अजन्मा यावर प्रवचन देतो. भाकरीचा भाव विचारा, तर म्हणतो पिता थोर, पुत्र धाकटा. न्हाणं तयार आहे का, तर पुत्र शून्यातून झाला. म्हणजे तेव्हाही फॅमिली ग्रुप होताच. आणि दादानं निदान या विषयावर काही पाठवलं तरी. बाकीचे फक्त गुड मॉर्निंगची फुलं टाकतात.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी रडकुंडीला आले होते. गुरुजींनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून माझ्यापुढं सरकवलं. म्हणाले, "पी. मलाही पुरतं कळलेलं नाही. पण तो बागेत खरंच कुणाशी तरी बोलत होता, एवढं सोडू नकोस." दादा दाराशी माझी चप्पल हातात घेऊन उभा होता. तो हसला होता खरा, पण थांबलाही तोच.

तर दादा, फॉरवर्ड राहू दे तसाच, काढू नकोस. रविवारी उपासनेनंतर घरी ये, वहिनीलाही आण. मटण करते. फक्त या वेळी माझ्या कानात कुजबुजू नकोस.