ठेकेदाराचा माणूस म्हणून जबाबदारी सुटत नाही

भाऊ, जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांमधल्या अपघातांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं, की मी मजुरांना मालकांविरुद्ध भडकवतो. तुमच्या जिनिंगमध्ये ज्याची बोटं गेली तो माणूस ठेकेदाराचा, मशीनचं कव्हर त्यानेच काढलेलं, तरी तुम्ही दवाखाना केला, वर पन्नास हजार देऊन स्टॅम्पपेपरवर मिटवलं. आता पुन्हा मागतो तो लोभ. आणि शेवटी, 'ईएसआयकडे जा म्हणावं.'

आधी ईएसआयचंच, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचंच घेऊ. एमआयडीसीतल्या चटईच्या नाहीतर पाइपच्या कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार २१ हजारांच्या आत असेल, तर जखमी माणूस ईएसआयकडे जातो. मग मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. पण निव्वळ जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना त्या कायद्याने हंगामी धरला आहे, आणि हंगामी कारखान्यांना ईएसआय लागूच नाही. तुमच्या माणसाला तो दरवाजाच नाही. त्याला आधार आहे तो १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण तुमच्याकडचा अपघात त्याआधीचा, म्हणून जुन्या कायद्यानेच बोलतो.

ठेकेदाराचा मुद्दा लवकर संपतो. काम तुमच्या धंद्याचं आणि तुमच्या आवारात चाललेलं असेल, तर कलम १२ प्रमाणे भरपाई तुमच्याकडून मागता येते. तुम्ही ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करा. पण तोवर जखमी माणसाने दोघांच्या दारात हेलपाटे मारावेत, हे कायद्याला मान्य नाही.

कव्हरचं मात्र नीट बोलू. रोलरमध्ये कापूस अडकला की मशीन बंद करून साफ करायचं, हे भिंतीवर लिहिलेलं असतं. पण मशीन थांबलं की मुकादम ओरडतो, कारण ठेक्याचे पैसे कापसाच्या गाठींवर मिळतात. मग पोरं चालू मशीनमध्ये हात घालतात, आणि दर वेळी काढ-घाल नको म्हणून कव्हर कोपऱ्यात उभं करून ठेवतात. मुनीम रोज तिथूनच ये-जा करतो. कामगाराने सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं आणि त्यामुळेच इजा झाली, हे सिद्ध झालं तर मालक सुटतो, हे खरं. पण महिनाभर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललेली गोष्ट एकट्या कामगाराच्या माथी कशी मारणार? शिवाय मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर हा बचाव चालतच नाही.

आता पन्नास हजारांचं. तुम्हीच लिहिलंय, वय तीस, महिना चौदा हजार, उजव्या हाताची चारही बोटं गेली. पगाराचे ६० टक्के म्हणजे ८,४००. कायद्यात वयाप्रमाणे गुणक दिला आहे, तिसाव्या वर्षाचा २०७.९८. गुणाकार येतो १७,४७,०३२. चार बोटांसाठी कायद्याच्या परिशिष्टात त्याचे ५० टक्के धरले आहेत, म्हणजे ८,७३,५१६ रुपये. दवाखान्याचा खर्च यातून वजा होत नाही, तो मालकाने वेगळा द्यायचाच असतो. पावणेनऊ लाखांच्या जागी पन्नास हजार घेऊन गप्प बसला नाही, म्हणून त्याला लोभी म्हणायचं?

असे स्टॅम्पपेपर माझ्याकडे येतात. मजकूर बहुतेक सारखाच असतो, 'माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही व भविष्यात राहणार नाही.' खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. कधी उजवा हात बँडेजमध्ये असतो म्हणूनही. सातपुड्याच्या पायथ्याहून हंगामापुरता आलेला पावरा आदिवासी पोरगा, खिशात परतीचं भाडं नाही, तो कशावरही अंगठा देईल. हे मिटवणं नव्हे, आणि कायदाही तसंच म्हणतो. हक्क सोडून देणारा करार कलम १७ ने रद्दबातल ठरतो. एकरकमी तडजोड करायचीच असेल, तर ती भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते. नोंदवली नाही, तर मालक पूर्ण रकमेला जबाबदार राहतो, आणि आधी दिलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त वजा करू देत नाहीत, आयुक्तांनी वेगळं ठरवलं तरच गोष्ट वेगळी. म्हणजे तुमच्या पन्नासातले पंचवीस धरा.

मी भडकवतो म्हणालात. भाऊ, तुमचंही नुकसान वाचावं म्हणूनच सांगतो. अपघातापासून महिन्याभरात रक्कम दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारण नसेल तर वर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड. विम्याची पॉलिसी असेल तर व्याज विमा कंपनीवर टाकता येईल, दंड तुमच्याच खिशातून जाईल. तेव्हा पॉलिसी काढलेली असेल तर कंपनीला आजच लेखी कळवा आणि रक्कम आयुक्तांकडे भरा. नाही भरलीत, तर दावा लावायला त्याला अपघातापासून दोन वर्षं आहेत. तो माझ्याकडे आला, तर दावा लाव असंच मी त्याला सांगणार, आणि अर्जही मीच लिहून देणार.