लेहमनचं पाप मंदीवाल्यांच्या माथी

शेअर बाजार आपटला की एक जुना दावा हमखास नव्याने फिरायला लागतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या धडधाकट बँका शॉर्ट सेलर्सनी, म्हणजे उसने शेअर आधी विकून भाव पडल्यावर स्वस्तात परत घेणाऱ्या मंदीवाल्यांनी, अफवा पसरवून पाडल्या, बाजार नियामक 'सेक'चे अध्यक्ष ख्रिस्तोफर कॉक्स यांनी जुना नियम काढून त्यांना मोकळं रान दिलं, आणि शॉर्टिंगवर बंदी वेळेवर आली असती तर लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक वाचली असती, असा तो दावा. याला वजन आलं ते रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांच्यामुळे. १५ सप्टेंबरला लेहमनचं दिवाळं निघालं आणि १८ तारखेला आयोवातल्या प्रचारसभेत त्यांनी सांगितलं, मी राष्ट्राध्यक्ष असतो तर कॉक्सना घरी पाठवलं असतं. निवडणूक दीड महिन्यावर होती, सरकार स्वतःच्याच पक्षाचं होतं. बोट दाखवायला एखादा अधिकारी हवाच होता.

आधी 'धडधाकट' हा शब्द घेऊ. लेहमनच्या हिशेबांवर डेव्हिड आइनहॉर्न या फंडवाल्याने मे २००८ मध्ये जाहीर भाषणात बोट ठेवलं. आपण शेअर शॉर्ट केलाय हे त्याने लपवलं नव्हतं. जूनमध्ये कंपनीने तिमाहीचा तोटा सांगितला २८० कोटी डॉलर, सप्टेंबरमध्ये पुढच्या तिमाहीचा ३९० कोटी. खरी गंमत 'रेपो १०५'ची. तिमाही संपत आली की लेहमन १०५ डॉलरचे रोखे ठेवून १०० डॉलर उचलायची आणि वहीत मात्र ते कर्ज न दाखवता 'विक्री' म्हणून लिहायची. आलेल्या पैशातून दुसरी देणी फेडली की ताळेबंद हलका दिसे. काही दिवसांनी रोखे परत घरात. पाहुणे यायच्या आधी पसारा शेजाऱ्याकडे टाकून द्यावा, तसं. न्यायालयाने नेमलेल्या तपासनीसाच्या २०१० मधल्या अहवालानुसार २००८ च्या दुसऱ्या तिमाहीअखेर असे सुमारे ५,००० कोटी डॉलर वहीबाहेर होते. आता अफवा कोण पसरवत होतं म्हणायचं?

एआयजी या विमा कंपनीचं तर बोलायलाच नको. गृहकर्जांच्या रोख्यांना तिने बेसुमार हमी देऊन ठेवली होती. तारण मागणारे दारात उभे राहिले, तेव्हा सरकारला ८,५०० कोटी डॉलरचं कर्ज द्यावं लागलं.

कॉक्सनी काढलेला नियम म्हणजे अपटिक रूल: भाव आधीच्या सौद्यापेक्षा चढल्याशिवाय शॉर्ट करायचं नाही. तो १९३८ चा, आणि जुलै २००७ मध्ये गेला, हे खरं. पण तो काढून पाहण्याचा प्रयोग ठरला २००४ मध्ये, कॉक्स येण्याच्या आधी. शिवाय २००१ पासून भाव एकेका सेंटने हलत होते. तेवढी अट पाळायला शॉर्टवाल्याला कितीसा वेळ लागणार?

राहिली बंदी. ती खरोखरच घालून झाली आहे, म्हणून 'घातली असती तर' हा प्रश्नच उरत नाही. १९ सप्टेंबरला सेकने ७९९ वित्तीय कंपन्यांचे शेअर शॉर्ट करायला मनाई केली. मग यादी फुगतच गेली. जनरल इलेक्ट्रिक आणि जनरल मोटर्ससुद्धा आत घुसल्या. पहिल्या दिवशी बाजार उसळला. सहा दिवसांत, २५ सप्टेंबरला, वॉशिंग्टन म्युच्युअल बुडाली. अमेरिकेच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी बँकबुडी, आणि तीही बंदीच्या छत्राखाली. ८ ऑक्टोबरला बंदी संपली तेव्हा अमेरिकी शेअर बाजाराचा एसअँडपी ५०० निर्देशांक १,२०६ वरून ९८५ पर्यंत घसरला होता. विकणारे शॉर्टवाले नव्हते, घाबरलेले मालकच होते. उलट परिवर्तनीय रोखे (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे) घेणारे फंड जोखीम झाकायला शेअर शॉर्ट करतात. तेच बंद झाल्यावर त्यांनी हात आखडला आणि बँकांची भांडवल उभारायची एक वाट आटली. डिसेंबरअखेर खुद्द कॉक्स म्हणाले की आज जे कळतंय ते पाहता आयोग पुन्हा असं करणार नाही, फायद्यापेक्षा किंमत जास्त पडली.

दाव्यात तथ्याचा एक कण आहे, तोही सांगतो. शेअर उसने न घेताच विकायचे आणि वेळेवर द्यायचेच नाहीत, ही 'नेकेड' शॉर्टिंग लबाडीच आहे. ती रोखायला कडक नियम आले आणि २००९ मध्ये कायमचे झाले, ते योग्यच झालं. पण जुलै-ऑगस्टमध्ये १९ वित्तीय कंपन्यांना यापासून खास संरक्षण मिळालं होतं. त्या यादीत लेहमन होती!

मॉर्गन स्टॅनलीचे प्रमुख जॉन मॅक यांनीही १७ सप्टेंबरला कर्मचाऱ्यांना कळवलं होतं की आपला शेअर शॉर्टवाले पाडतायत. त्यांची बँक शॉर्ट करणाऱ्या हेज फंडांनाच (बड्या गुंतवणूकदारांच्या फंडांना) शेअर उसने देऊन पैसे कमवायची, हा भाग निराळा. त्या दिवशी शेअर २१.७५ डॉलरवर बंद झाला. बंदीच्या काळात तो आणखी उतरला आणि ती संपल्यावर दोन दिवसांनी, १० ऑक्टोबरला, ९.६८ वर आला. १३ तारखेला जपानच्या मित्सुबिशी यूएफजेने ९०० कोटी डॉलर ओतले. शेअर एका दिवसात ८७ टक्के चढला, आणि तेव्हा बंदी उठून पाच दिवस झाले होते.