‘ती हॅमिल्टन बाई’ आणि तिच्या पापाची म्हणे शिक्षा

गेले चार दिवस तोच फॉरवर्ड फिरतोय. आधी आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी टाकला, मग शाळेच्या ग्रुपवर आला आणि काल तर फोंड्याच्या आमच्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर पण. थोडक्यात असा: ‘लेडी हॅमिल्टन’ हा १९४१ चा सिनेमा शंभर टक्के सत्यकथा आहे, ह्या बाईने म्हाताऱ्या नवऱ्याला फसवलं, इंग्लंडच्या महान सेनापतीला नादी लावलं, शेवटी दारूची बाटली चोरताना सापडली आणि तुरुंगात मेली, कर्माचं फळ. शिवाय त्यातलं गाजलेलं भाषण खुद्द चर्चिलने लिहिलंय. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

मामा, रागावू नका, पण एकेक बघूया.

‘म्हाताऱ्या नवऱ्याला फसवलं.’ अहो, ह्या बाईला, म्हणजे एमाला (लेडी हॅमिल्टन ती लग्नानंतर झाली), इटलीतल्या नेपल्सला पाठवलं कोणी? चार्ल्स ग्रेव्हिल नावाच्या तिच्या प्रियकराने. त्याला पैसेवाली बायको करायची होती म्हणून १७८६ मध्ये ह्या एकविशीतल्या पोरीला ‘जरा फिरून ये, मी न्यायला येतो’ असं सांगून आपल्या मामाकडे, म्हणजे तिथला इंग्लंडचा राजदूत सर विल्यम हॅमिल्टनकडे धाडून दिलं आणि न्यायला काही तो गेला नाही. (मामाच निघाला, काय करणार.) लोहाराची पोर ती, तिथे इटालियन, फ्रेंच, गाणं सगळं शिकली, नेपल्सच्या राणी मारिया कॅरोलिनाची मैत्रीण झाली, १७९१ ला साठीच्या हॅमिल्टनने तिच्याशी रीतसर लग्न केलं. पुढे नेल्सन, म्हणजे फॉरवर्डमधला तो इंग्लंडचा आरमारी सेनापती, आला तेव्हा हॅमिल्टनला काही कळत नव्हतं असं अजिबात नाही, तिघं एकाच घरात राहायचे, आणि १८०३ ला हॅमिल्टन वारला तेव्हा एमा आणि नेल्सन दोघं त्याच्या उशाशी होते. ह्याला काय म्हणायचं ते म्हणा पण फसवणूक नाही म्हणता येत.

आणि हो, ती शाल घेऊन जुन्या ग्रीक मूर्तींसारख्या पोझ द्यायची, ते बघायला युरोपभरचे लोक यायचे, जर्मन कवी गटेने पण बघितलंय. टाळ्या वाजवणारे तेच आणि घरी जाऊन नावं ठेवणारे पण तेच. आपल्या गोव्यात देवळांतल्या कलावंतिणींचं काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको.

‘शंभर टक्के सत्यकथा.’ नाही हो. १७९९ मध्ये नेपल्सच्या राजाविरुद्धचं बंड मोडलं तेव्हा नेल्सनने बंडखोरांना मिळालेल्या काराचोलो नावाच्या तिथल्याच अॅडमिरलला झटपट खटला चालवून जहाजावर फाशी दिली, हा त्याच्या नावावरचा मोठा डाग, सिनेमा त्या वाटेलाच जात नाही. त्याच वर्षी तिथे एलेओनोरा पिमेंतेल फोन्सेका ह्या पोर्तुगीज घराण्यातल्या कवयित्रीलाही फासावर चढवलं, ती मात्र राजाच्या कोर्टाने. नायक स्वच्छ पाहिजे आणि बाई बदनाम, एवढं सांभाळलं की झाली सत्यकथा.

चर्चिलचं भाषण. पटकथा वॉल्टर राइश आणि आर. सी. शेरिफ ह्यांची. चर्चिलला सिनेमा भयंकर आवडायचा हे खरं, ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्टला भेटायला जाताना युद्धनौकेवर पण त्याने तो लावला होता. पण आवडणं आणि लिहिणं ह्यात फरक आहे की नाही? तसं बघितलं तर आमच्या गावातल्या प्रत्येक नाटकाचा लेखक पहिल्या रांगेतला खोतच ठरेल.

आता मुख्य, कर्माचं फळ. त्या काळी हॉलिवूडच्या सेन्सॉरचा नियमच होता की व्यभिचार केलेला माणूस मजेत राहिलेला दाखवायचा नाही. म्हणून नेल्सनचे पाद्री वडील मुलाची कानउघाडणी करतात तो सीन घातला. सिनेमाची सुरुवातही फ्रान्समधल्या कॅले गावात बाटली चोरणाऱ्या दारुड्या एमापासून, आणि शेवटही तिथल्याच कोठडीत (मरताना दाखवलेलीच नाही, फॉरवर्डवाल्याने सिनेमा बघितलाय का हाच प्रश्न). आणि गंमत म्हणजे ज्या व्हिव्हियन ली आणि ऑलिव्हिएने एमा-नेल्सनचं काम केलं, त्यांनी स्वतः आपापली पहिली लग्नं मोडून १९४० मध्ये एकमेकांशी लग्न केलेलं, शूटिंगच्या थोडंच आधी.

खरं काय झालं? नेल्सन ज्यात मारला गेला त्या ट्रफाल्गरच्या लढाईच्या सकाळी, २१ ऑक्टोबर १८०५ ला, नेल्सनने लिहून ठेवलं की एमाला मी माझ्या राजाच्या आणि देशाच्या हवाली करतो. देशाने काय केलं, तर नेल्सनच्या भावाला अर्ल केला आणि वर्षाला ५,००० पौंड लावून दिले, नेल्सनच्या विधवेला २,०००, एमाला शून्य. आता तिचाही हात सैल होता, हॅमिल्टनने वर्षाला ८०० आणि नेल्सनने घर व ५०० ठेवलेले तरी पार्ट्या, जुगार, उधारी चालूच, हे मी लपवत नाही. १८१३ मध्ये कर्जापायी लंडनमध्ये कैद झाली, पुढच्या वर्षी सुटून कॅलेला पळाली आणि १५ जानेवारी १८१५ ला तिथे भाड्याच्या खोलीत आजारपणात गेली. बाटलीची चोरी नाही, कॅलेचा तुरुंग नाही. ज्याला तुम्ही कर्म म्हणताय त्यातलं निम्मं तर सरकारने पाळायचं टाळलेलं मृत्युपत्र आहे.

त्या खोलीत तिच्याजवळ होती होरेशिया, तिची आणि नेल्सनची मुलगी, चौदा पूर्ण व्हायला जेमतेम दोन आठवडे बाकी. ही पुढे एका पाद्र्याची बायको झाली, भरपूर मुलंबाळं, १८८१ पर्यंत जगली. आपण नेल्सनची मुलगी हे ती मानायची. एमा आपली आई हे मात्र तिने शेवटपर्यंत मान्य केलं नाही.