दंडाचे ५९० रुपये किरकोळ का नाहीत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे कर्जाचा हप्ता परत गेल्यावर खात्यातून कापल्या जाणाऱ्या दंडाविषयी जो लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. रोखठोक लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच आणि जरा लांबलचक देतो.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश. तुमचं म्हणणं असं, की चार लाखांचं देणं असलेल्या माणसाला ५९० रुपयांचा दंड कसा वाचवायचा हे शिकवणं म्हणजे घराला आग लागली असताना गळका नळ दाखवणं. बँकेत अर्ज करा हा सल्ला पुस्तकी, काउंटरवर कुणी दाद देत नाही. ओव्हरड्राफ्ट (शिल्लक नसतानाही ठरावीक मर्यादेपर्यंत खात्यातून पैसे वापरायची सोय) सुचवणं म्हणजे कर्जावर कर्ज. सरळ सेटलमेंट (देण्यापेक्षा कमी रक्कम एकरकमी भरून कर्ज मिटवणं) करून मोकळं व्हा, एवढंच लिहायला हवं होतं. आणि जाता जाता : पतसंस्थेच्या कर्जाबद्दल लेखात अवाक्षर नाही.

आधी ५९० चा हिशेब. पगार ७ तारखेला होतो. तीन हप्ते आहेत : २ तारखेला ६,२००, ३ ला ४,१०० आणि ५ ला २,८५०. एक तारखेला खात्यात ५,९०० शिल्लक आहेत. दोन तारखेचा हप्ता ३०० रुपयांसाठी परत जातो. बँक ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ५९० कापते (काही बँकांत हा आकडा कमी आहे, पण ५०० अधिक जीएसटी हा सर्रास दिसणारा दर). उरले ५,३१०. तीन तारखेचा हप्ता जातो, उरले १,२१०. पाच तारखेचा परत, पुन्हा ५९०, उरले ६२०. त्याच दिवशी पहिली फायनान्स कंपनी आपला हप्ता दुसऱ्यांदा लावून बघते. तोही परत, आणखी ५९०. खात्यात ३० रुपये. हे झाले बँकेचे १,७७०. शिवाय दोन्ही कर्जदात्यांनी 'बाऊन्स चार्ज' म्हणून ५००-५०० लावले की २,७७०. उशिराचा दंड वेगळाच. तारखांचं हे गणित वर्षभर असंच राहिलं तर ३३,२४० रुपये जातात आणि त्यातला एक रुपयाही मुद्दलात जमा होत नाही.

उत्पन्न कमी आहे हा मूळ प्रश्न, हे तुमचं म्हणणं मान्यच आहे. पण वरच्या उदाहरणातल्या माणसाचा महिन्याचा पगार तिन्ही हप्त्यांना पुरतोय असं धरलं, तरी तो दंड भरतोय, कारण पगार ७ ला आणि हप्ते २ ते ५ ला. आणि पुढे सेटलमेंट करा, हप्ता कमी करून घ्या किंवा लोकअदालतीत बसा, समोरचा पहिला प्रश्न एकच विचारतो : दर महिन्याला नक्की किती भरू शकाल? दंडाची गळती चालू असेपर्यंत या प्रश्नाचं खरं उत्तर कुणालाच देता येत नाही. म्हणून दंड आधी.

तो थांबवायचा कसा? सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि पेन्सिलनं तीन प्रकारच्या नोंदी वेगळ्या करा : हप्ता परत गेल्याचे ('आरटीएन चार्ज', 'ईसीएस रिटर्न', 'एनएसीएच रिटर्न' अशा काहीतरी नावांनी येतात), किमान शिल्लक न राखल्याचे, आणि शिल्लक नसताना एटीएममध्ये कार्ड घातल्याचे. हा शेवटचा प्रकार २०-२५ रुपये अधिक जीएसटी एवढाच, पण 'निघतात का बघू' म्हणून लागोपाठ तीनदा प्रयत्न केला तर तीनदा लागतो. शिल्लक आधी ॲपवर किंवा मिस्ड कॉलवर बघावी.

मग प्रत्येक कर्जदात्याकडे हप्त्याची तारीख बदलून मागा, पगारानंतर दोन-तीन दिवसांची. मधल्या दिवसांचं व्याज एकदा लागतं, ते दंडाच्या मानानं फारच कमी असतं. इथे लोक हमखास फसतात ते असं : तारीख बदलली की नवीन मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायला दिलेली परवानगी) नोंदवावं लागतं आणि ते मंजूर होईपर्यंत जुनंच चालू राहतं. त्यामुळे त्या एका महिन्यात जुन्या तारखेलाही पैसे तयार ठेवावे लागतात. दुसरी चूक सुट्टीची. १ ऑगस्ट २०२१ पासून ही हप्त्यांची यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालते. 'रविवार आहे, सोमवारी भरू' हा हिशेब तेव्हापासून संपला. वसुली बहुधा सकाळीच लागते, म्हणून पैसे आदल्या रात्री खात्यात हवेत. दुपारी भरलेत तर हप्ताही परत गेलेला असतो आणि भरलेल्या पैशातून दंडही कापला जातो.

मँडेट रद्दच करून टाकावं, असं तुम्ही सुचवलंत. बँकेला लिहून ते करता येतं, पण कर्ज तसंच राहतं. शिवाय पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ मधलं कलम २५ लक्षात ठेवा. शिल्लक नसल्यामुळे परत गेलेल्या इलेक्ट्रॉनिक हप्त्यालाही चेक न वटल्यासारखीच फौजदारी तरतूद आहे : पैसे परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत कर्जदात्याची नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत भरलं नाही तर खटला. नुसतं कर्ज थकलं म्हणून कुणी तुरुंगात जात नाही हे खरंच आहे. पण अशी नोटीस कपाटात टाकून देऊ नका, १५ दिवस मोजा.

आता अर्जाबद्दल. काउंटरवर दाद मिळत नाही, हा अनुभव अनेकांचा आहे. पण त्याचं एक कारण असं, की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात मागतात. नियमानं लागलेला दंड माफ करा ही विनंती असते. ती शाखाधिकाऱ्यानं मानली तर मानली. वर्षातून एकदा, खातं एरवी नीट असेल तर मानतातही. नियमाविरुद्ध लागलेला दंड परत करा ही मात्र मागणी असते, आणि तिथे गयावया करायचं कारण नाही.

नियमाविरुद्ध म्हणजे काय? रिझर्व्ह बँकेचा २० नोव्हेंबर २०१४ चा आदेश (लागू १ एप्रिल २०१५ पासून) सांगतो, की बचत खात्यात किमान शिल्लक कमी पडली तर बँकेनं आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं कळवायचं, भरून काढायला महिना द्यायचा, आणि मगच दंड लावायचा, तोही जितकी रक्कम कमी पडली तिच्या प्रमाणात. केवळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. तुमच्या पासबुकात शिल्लक '-४७२' दिसत असेल आणि ती निव्वळ किमान शिल्लकेच्या दंडानं झाली असेल, तर ते पैसे तुम्ही देणं लागत नाही. हप्ता परत गेल्याच्या दंडाला मात्र हा आदेश लागू नाही, ही सरमिसळ करू नका. वापरात नसलेल्या खात्याला किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही. मुळात शून्य शिल्लकेचं मूलभूत बचत खातं कुठल्याही बँकेत मागता येतं. त्याच बँकेत दुसरं बचत खातं असेल तर ते ३० दिवसांत बंद करावं लागतं, एवढंच. स्टेट बँकेनं मार्च २०२० मध्ये आणि कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा यांनी २०२५ च्या जून-जुलैत हा दंड साध्या बचत खात्यांवरून काढूनच टाकला. तेव्हा तो अजून भरत असाल तर खातं बदलणं हेच सर्वांत स्वस्त.

कर्जाच्या बाजूनं दोन हत्यारं आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य पत्रक (कर्जाचा दर आणि सगळी शुल्कं एका जागी सांगणारा कागद) देणं बंधनकारक आहे. त्यात न लिहिलेला आकार (शुल्क) तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. ते काढा आणि बाऊन्स चार्जचा आकडा ताडून बघा. दुसरं, १८ ऑगस्ट २०२३ च्या आदेशानं दंडव्याज बंद झालं. उशिराचा दंड फक्त 'आकार' म्हणून लावायचा, आणि तो मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज घ्यायचं नाही. क्रेडिट कार्डाला हा आदेश लागू नाही.

अर्ज लिहिताना तारीख, रक्कम, नोंदीतले शब्द जसेच्या तसे, आणि कुठल्या नियमाविरुद्ध हे एका वाक्यात. शाखेचा शिक्का असलेली पोच किंवा तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर सीएमएस पोर्टलवर (रिझर्व्ह बँकेचं तक्रारींचं संकेतस्थळ) तिच्या लोकपालाकडे तक्रार करा. ती फुकट आहे, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. 'माझा हप्ता कमी करून द्या' ही तक्रार मात्र लोकपाल घेत नाही, कारण तो बँकेचा व्यावसायिक निर्णय समजला जातो.

ओव्हरड्राफ्ट म्हणजे कर्जावर कर्ज, हे अर्धं बरोबर. २०,००० रुपये आठ दिवस १४ टक्क्यांनी वापरले तर व्याज ६१ रुपये आणि काही पैसे. एका परत गेलेल्या हप्त्याचे ५९०. पगाराची तारीख आणि हप्त्याची तारीख यांतलं अंतर भरायला, तारीख बदलेपर्यंत, हा सौदा चांगला. जनधन खात्यावर पात्र खातेदाराला १०,००० पर्यंत मिळतो, मुदत ठेवीवर ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दरानं. वार्षिक शुल्क असतं, ते आधी विचारा. पण पगार झाल्यावरही खातं शून्याच्या वर येत नसेल आणि हे लागोपाठ तीन महिने झालं असेल, तर ती सोय राहिलेली नाही, बिनहप्त्याचं कायमचं कर्ज झालंय. तेव्हा मर्यादा वाढवून घेऊ नका. उलट आहे ती रक्कम मुदत कर्जात बदलून हप्ते बांधून मागा.

आणि सेटलमेंट. तुम्ही म्हणता तसं 'मोकळं' होणं त्यात फार थोड्यांच्या वाट्याला येतं. बँक साधारणपणे खातं थकीत झाल्यावरच, म्हणजे ९० दिवस उलटल्यावर, या भाषेत बोलते आणि तिला एकरकमी पैसे हवे असतात. ते नसताना मुद्दाम हप्ते थांबवणारा फक्त दंड आणि वसुलीचे फोन कमावतो. क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' शेरा पडतो, आणि त्याच संस्थेकडून नवीन कर्जासाठी, शेतीकर्ज सोडून, किमान १२ महिने थांबावं लागतं. महिना फी घेऊन 'आम्ही बँकेशी बोलतो, तुम्ही हप्ते थांबवा' म्हणणाऱ्या एजंटांपासून तर चार हात लांब. ती फी हप्त्यात गेली असती.

त्याआधीचा पर्याय म्हणजे ९० दिवसांच्या आत मुदत वाढवून मागणं. २ लाख बाकी, १६ टक्के, २४ महिने राहिलेत : हप्ता सुमारे ९,७९०. तेच ४८ महिन्यांवर नेलं तर सुमारे ५,६७०. महिन्याला चार हजार सुटतात, मात्र एकूण व्याज ३५ हजारांवरून ७२ हजारांवर जातं. महाग आहे. तरी ज्याच्या घरात भाडं आणि किराणा उधारीवर चाललाय त्यानं हे घ्यावं, असं माझं मत. पुढे हात मोकळा झाला की जास्तीचे पैसे भरून मुदत कमी करता येते. अर्जासोबत पगारपत्रक, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि सगळ्या कर्जांची एका कागदावर यादी द्या. सेटलमेंट करणारच असाल तर रक्कम, तारीख, कर्ज क्रमांक आणि 'जामीनदारही मुक्त' हे शब्द पत्रात आल्याशिवाय एक रुपया भरू नका.

बोलायला माणूस हवा असेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचं आर्थिक साक्षरता केंद्र आहे, तिथे सल्ला फुकट मिळतो. नोटीस आली असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत जाताना एकच भान ठेवा : तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. समोरच्या टेबलाच्या दबावाखाली न झेपणाऱ्या हप्त्यावर सही करू नका, 'जमत नाही' म्हणून उठता येतं. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना कळवून बदनामी करायची नाही. फोनची यादी जपा, लोकपालाला तीच लागते.

राहिली पतसंस्था. ती रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाही, १४४४८ तिथे उपयोगाचं नाही. तक्रार सहकार खात्याच्या सहायक किंवा उपनिबंधकाकडे. पतसंस्थेचा जोर जामीनदारावर असतो. तुम्ही हप्ता चुकवलात की तिसऱ्या महिन्यात तुमच्या सहकाऱ्याच्या पगारातून कपात सुरू होऊ शकते. म्हणून व्याजदर कमी असला तरी हे कर्ज क्रेडिट कार्डाच्या आधी सांभाळा. आणि महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली (थकबाकी वसुलीसाठी) नोटीस आली तर पहिल्याच तारखेला हजर राहा, खातेउतारा मागा, व्याजाची आणि दंडाची आकारणी लेखी खोडून काढा. गैरहजेरीत वसुली दाखला (थकबाकी वसूल करायचा निबंधकाचा आदेश) निघाला, तर त्याविरुद्ध फेरतपासणी मागायला दाखल्यातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात.