बिनघोर टेप बॅकअप घ्यायचा असा

डेटाबेस टेपवर उतरवायचाय म्हणता? उतरवा की. आम्ही मागच्याच आठवड्यात लातूरकडच्या एका साखर कारखान्याचा अख्खा हंगाम असाच उतरलेला बघून आलोय, नाव विचारू नका.

टेपांवर लेबल लावू नका. लावलंच तर सगळ्यांवर "नवीन" लिहा.

टेपा सर्व्हरच्या डोक्यावरच ठेवायच्या. आग लागली तर दोन्ही सोबत जातात, हिशोब मिटला. कंपनी म्हणते टेप जपायची तर 16 ते 25 डिग्रीत ठेवा, पण मे महिन्यात आपल्याकडं 42, अन् एसी तर साहेबांच्या केबिनला लागतो ना.

फारच घाई असेल तर इन्फॉर्मिक्स डेटाबेसवाल्यांनी टेपडेव्हला, म्हणजे टेप कुठली ते सांगणाऱ्या सेटिंगला, डेव्ह-नल लावावं, म्हणजे टाकलं ते गायब करणारी जागा, मग बॅकअप घेणारं ऑनटेप क्षणात "झालं" म्हणतं.

आता खरी गंमत. लिनक्सवर ड्राइव्हची दोन नावं असतात, एसटी शून्य अन् एनएसटी शून्य. एन असला की काम संपलं तरी टेप जागेवर थांबते. तुम्ही बिनधास्त साधी एसटी वापरा, ती आपल्या लाल डब्यासारखी, फेरी संपली की परत डेपोत. मग स्क्रिप्टमध्ये तीन डंप, म्हणजे डेटाच्या प्रती, एकामागं एक टाका, आधी सभासद, मग ऊस बिलं, शेवटी स्टोअर, अन् दर वेळी टेप मागं गुंडाळून सुरुवातीला येते आणि नवा डंप जुन्याच्या उरावर बसतो. एरर? एरर कशाला येईल, सांगितलं तसंच तर केलं तिनं! रोज रात्री लॉगमध्ये "सक्सेसफुल", रोज सकाळी रजिस्टरवर सही, वर्षभर. मग एका रात्री लाइट गेली, आली, परत गेली, अन् कंट्रोलर जाताना डिस्का सोबत घेऊन गेला. मला बोलावलं. टेप लावली, निघालं काय तर नट, बोल्ट, व्ही-बेल्ट अन् ग्रीसचे डबे. एलटीओ-8, 12 टीबीची टेप, अन् तिच्यात ग्रीस! दुसरी लावली, ग्रीस. तिसरी लावली, ग्रीस.

रिस्टोअर करून बघू नका. बॅकअपवर विश्वास नाही का तुमचा?

जाऊ द्या, मला हसू येईना आता. अरे, एक अक्षर कमी पडलं, एक! तीन डंप टाकले तर तीन फायली सापडायला पाहिजेत, एमटी कमांडनं टेप पुढं सरकवून टार कमांडनं आत काय आहे त्याची यादी काढायची, महिन्यातून एकदा एखादं टेबल दुसऱ्या मशीनवर उतरवून बघायचं, अर्ध्या तासाचं काम, ते सोडून सह्या कसल्या ठोकता? वाचता तरी का कशावर सही करू लालाव ते? काल काउंटरवर एक म्हातारबा पिशवीतून वजनाच्या पावत्या काढू लालता, "सायेब, तेवढं माझं बिल बगा की." घामानं एकमेकींना चिकटलेल्या पावत्या, त्या एकेक सोडवून दोन पोरं सकाळपासून टाइप करू लालेत, अजून एक गाव पुरं झालं नाही. अन् तुमचा मला मेल काय, तर टेपा संपत आल्यात, नवीन 10 मागवू का.